तीन पेन्सांची राज्यक्रांती

देवळाच्या शिखराची दुरुस्ती निघाली, की सभामंडपात महाजन मंडळी जमतात. खर्चाचा अंदाज वाचला जातो. घरटी किती पट्टी बसवावयाची यावर दोन-तीन तास वाद चालतो. कोणी रुसून उठून जातो आणि थोड्या वेळाने पुन्हा येऊन बसतो. अखेर आकडा ठरतो. ठरलेली पट्टी पुष्कळांस जड वाटते, तरी ती भरली जाते. कारण ती ठरत असता आपण तेथे बसलो होतो, आपले म्हणणे चार लोकांनी ऐकून घेतले होते आणि जमाखर्चाची वही पुढच्या वर्षी आपल्यासमोर उघडली जाणार आहे, हे भरणारास ठाऊक असते. याच मंडळींकडे उद्या कोणी तिऱ्हाइताने येऊन तिच्या निम्मी रक्कम, पण कोणासही न विचारता, हक्काने मागितली, तर काय होईल हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

हा दाखला मनात ठेवून अमेरिकेच्या राज्यक्रांतीकडे पाहिले, म्हणजे तिचे एक कोडे उलगडते. असह्य करांच्या ओझ्याखाली भरडलेली प्रजा अखेर उठली, असे शालेय पुस्तकांतून आपण वाचलेले असते. वस्तुस्थिती तशी नव्हती. खुद्द इंग्लंडातील माणूस सरकारास जेवढे देत होता, त्याच्या मानाने अमेरिकेतील वसाहतवाला फारच थोडे देत होता. आणि ज्या चहाच्या पेट्या बॉस्टनच्या बंदरात बुडविल्या गेल्या, तो चहा पूर्वीपेक्षा महाग झालेला नसून स्वस्त झालेला होता! हलका कर आणि स्वस्त माल यांतून राज्यक्रांती कशी निघाली, हे या लेखात पाहावयाचे आहे. या कथेत आम्हां हिंदी लोकांस विशेष रस वाटावा असे आणखी एक कारण आहे. तो चहा ज्या कंपनीचा होता, तीच कंपनी त्याच वर्षांत बंगालचा सारा वसूल करीत होती.

गोष्टीचा आरंभ एका मोठ्या युद्धाच्या शेवटापासून होतो. इ.स. १७५६ ते १७६३ पर्यंत इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये युरोप, अमेरिका व हिंदुस्थान अशा तिन्ही ठिकाणी युद्ध चालले. प्लासीची लढाई याच काळातील. युद्धात इंग्लंडचा जय झाला, कॅनडा हाती आला. परंतु विजयाबरोबर कर्जही आले. युद्धापूर्वी सुमारे ७.५ कोटी पौंड असलेले राष्ट्रीय कर्ज युद्धाच्या अखेरीस १३ कोटी पौंडांच्या घरात गेले. त्यातच अमेरिकेत सुमारे १०,००० शिपाई कायमचे ठेवावयाचे ठरले. हे सैन्य वसाहतींच्या संरक्षणासाठी आहे, तेव्हा त्याच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा, असे मुख्य प्रधान जॉर्ज ग्रेनव्हिल याचे म्हणणे पडले. कागदावर हा हिशेब वाजवी दिसतो. इंग्लंडातील जमीनदार लढाईच्या काळात उत्पन्नाच्या पौंडामागे चार शिलिंग, म्हणजे पाचवा हिस्सा, जमीनपट्टी देत होता. त्यास हा हिशेब न्यायाचा वाटला यात नवल नाही.

ग्रेनव्हिलच्या हिशेबात एक गोष्ट मात्र सुटली होती. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील तेरा वसाहती ही काही मुकी रयत नव्हती. व्हर्जिनियात १६१९ सालापासून लोकनियुक्त सभा भरत आलेली होती. इतर वसाहतींतही पुढे अशाच सभा स्थापन झाल्या. गव्हर्नर बहुतेक ठिकाणी राजाने नेमलेला असे, परंतु पैसा मंजूर करण्याचा अधिकार सभेकडे असे आणि पुष्कळ ठिकाणी गव्हर्नराचा पगारही सभाच देत असे. उत्तरेकडील न्यू इंग्लंड प्रांतात तर प्रत्येक गावाची बैठक भरून रस्ता, शाळा, गरिबांचे पोषण यांसाठी पट्टी ठरविली जाई. चार-पाच पिढ्या या लोकांनी आपला पैसा आपल्या तोंडाने मंजूर केला होता. इंग्लंडातील त्यांच्या पूर्वजांनी एक शतकापूर्वी याच प्रश्नावर आपल्या राजाशी युद्ध केले होते, हेही ते विसरले नव्हते.

१७६४ साली पहिला कायदा आला, तो साखर आणि काकवी यांच्या जकातीचा. काकवीवर पूर्वी गॅलनला सहा पेन्स जकात होती. ती तीन पेन्सांवर आणली गेली. म्हणजे दर निम्मा झाला. तरीही लोक चिडले. कारण सहा पेन्सांची जकात कोणी भरीत नव्हते आणि तीन पेन्सांची आता सक्तीने वसूल होणार होती. चोरट्या व्यापाराचे खटले पंचांसमोर न चालता आरमारी न्यायालयात एकट्या न्यायाधीशासमोर चालावयाचे होते. तरी ही जकातच होती, आणि व्यापाराचे नियमन करण्याचा इंग्लंडचा अधिकार वसाहतवाल्यांनी आजवर मानलेला होता.

त्यापुढील पाऊल निराळे होते. १७६५ च्या मार्च महिन्यात पार्लमेंटाने मुद्रांकाचा कायदा संमत केला. दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रे, पंचांगवजा पुस्तिका, पदवीपत्रे, फार काय पत्ते आणि फासे, या सर्वांवर सरकारी मुद्रेचा कागद लावावयाचा आणि त्याचे मोल चांदीच्या इंग्रजी चलनात भरावयाचे, असे ठरले. तसले चलन वसाहतींत आधीच दुर्मीळ होते. आणि करासाठी निवडलेल्या वस्तू पाहिल्या म्हणजे सरकारच्या दूरदृष्टीची कीव येते. वकील, छापखानेवाले, व्यापारी आणि खानावळीचे मालक हे चार वर्ग गावात सर्वांत अधिक बोलणारे. नेमक्या त्यांच्याच खिशास हात घातला गेला! वर्तमानपत्रांनी रान उठविले. व्हर्जिनियाच्या सभेत पॅट्रिक हेन्री या तरुण वकिलाने ठराव आणले. ऑगस्टमध्ये बॉस्टन येथे मुद्रांक विकण्यासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हर याची प्रतिमा झाडास टांगण्यात आली, आणि पुढे बारा दिवसांनी जमावाने लेफ्टनंट गव्हर्नर टॉमस हचिन्सन याचा वाडा लुटून उद्ध्वस्त केला. ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे नऊ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र जमले. एकमेकांशी हद्दीवरून भांडणाऱ्या या वसाहती प्रथमच आपणहून एका प्रश्नासाठी एकत्र बसल्या, ही त्या कायद्याची खरी मिळकत म्हणावयाची. १ नोव्हेंबरला कायदा अमलात यावयाचा, तोवर मुद्रांक विकणारे जवळजवळ सर्वच अधिकारी राजीनामे देऊन मोकळे झाले होते.

वसाहतवाल्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : पार्लमेंटात आमचा एकही प्रतिनिधी नाही, तेव्हा आमच्या खिशातला पैसा आमच्या संमतीवाचून घेण्याचा अधिकार त्यास नाही. याला ग्रेनव्हिलच्या पक्षाने उत्तर दिले, की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम या शहरांचाही प्रतिनिधी पार्लमेंटात नाही. तरी पार्लमेंट जसे त्यांचे हित पाहते, तसे तुमचेही पाहते. हे उत्तर ऐकून अमेरिकनांचे समाधान झाले नाही. मँचेस्टरवर बसविलेला कर पार्लमेंटाच्या सभासदासही भरावा लागे. अमेरिकेवर बसविलेला कर मात्र त्याचे स्वतःचे ओझे हलके करी. दुसऱ्याच्या खिशातून आपला खर्च भागविणारा माणूस त्या दुसऱ्याचा विश्वस्त कसा ठरावा?

अखेर कायदा मागे घ्यावा लागला, परंतु त्याचे कारण तत्त्व पटले हे नव्हते. वसाहतींनी विलायती माल घेणे सोडले, तेव्हा लंडन-ब्रिस्टलचे व्यापारी पार्लमेंटाच्या दारी अर्ज घेऊन उभे राहिले. १८ मार्च १७६६ रोजी मुद्रांकाचा कायदा रद्द झाला. अमेरिकेत दिवाळी साजरी झाली. त्या आनंदात पुष्कळांचे एका गोष्टीकडे लक्ष गेले नाही. त्याच दिवशी पार्लमेंटाने दुसरा एक कायदा संमत केला होता आणि वसाहतींस सर्व बाबतींत बांधतील असे कायदे करण्याचा आपला अधिकार पूर्ण आहे, असे त्यात ठासून सांगितले होते. पैसा सोडला, पण हक्क राखला. पुढील सर्व अनर्थाचे बीज या एका दिवसात आहे, असे आम्हांस वाटते. सरकारने हक्क सोडून पैसा मागितला असता, तर वसाहतींच्या सभांनी तो घासाघीस करून का होईना, पण दिला असता. मागील युद्धात त्यांनी तो दिलाही होता.

राखलेला हक्क वापरून पाहण्याचा मोह फार दिवस आवरला नाही. १७६७ साली अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड याने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसविली. तिचे अपेक्षित उत्पन्न वर्षास अवघे ४०,००० पौंडांच्या आसपास होते. एवढ्याशा रकमेसाठी हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कायद्याच्या हेतूतच होते. या पैशातून गव्हर्नरांचे आणि न्यायाधीशांचे पगार द्यावयाचे होते. म्हणजे जो अधिकारी आजवर पगारासाठी लोकसभेच्या तोंडाकडे पाहत होता, त्याने यापुढे तिकडे पाहण्याचे कारण उरणार नव्हते. लोकांच्या हातातील एकुलती एक दोरी लोकांच्याच पैशाने कापली जाणार होती. पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन याने एका शेतकऱ्याच्या नावाने पत्रे लिहून हे मर्म उघड केले, आणि ती पत्रे वसाहतींतील बहुतेक वर्तमानपत्रांनी छापली.

मग पुन्हा बहिष्कार सुरू झाला. स्त्रियांनी चरखे काढले. सूतकताईच्या बैठका भरू लागल्या. जाडाभरडा घरगुती कपडा अंगावर घालणे हे प्रतिष्ठेचे लक्षण झाले. चहाच्या जागी झाडपाल्याचा काढा आला. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले होते, त्यांस हे चित्र ओळखीचे वाटेल. बॉस्टनात लाल डगलेवाले शिपाई आणून ठेवण्यात आले, आणि ५ मार्च १७७० रोजी त्यांच्या गोळीबारात पाच माणसे मेली. त्यांत क्रिस्पस अॅटक्स हा मिश्र वंशाचा खलाशी होता. योगायोग असा, की त्याच दिवशी लंडनमध्ये नवा मुख्य प्रधान लॉर्ड नॉर्थ हा टाउनशेंडच्या जकाती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडीत होता. सर्व जकाती रद्द झाल्या, एक सोडून. चहावरची रत्तलामागे तीन पेन्सांची जकात हक्काची खूण म्हणून ठेवण्यात आली. ती ठेवण्याचा निर्णय आदल्या वर्षी मंत्रिमंडळात पाच विरुद्ध चार मतांनी झाला होता. एका मताने जी जकात राहिली, तिने पुढे एक साम्राज्य फोडले.

येथे थोडे थांबून आपल्याकडे वळले पाहिजे. कारण पुढची कथा बंगालमधून जाते. ज्या १७६५ साली अमेरिकेसाठी मुद्रांकाचा कायदा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीचा बादशहा शाह आलम याने बंगाल, बिहार व ओरिसा यांची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीस दिली. म्हणजे शेतसारा वसूल करण्याचा अधिकार एका व्यापारी मंडळाकडे गेला. कंपनीच्या भागाची किंमत लंडनमध्ये भराभर चढली. १७६७ पासून कंपनीने इंग्लंडच्या सरकारास वर्षाला ४ लाख पौंड द्यावे असे ठरले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पावसाने दगा दिला आणि १७७० चा भयंकर दुष्काळ पडला. बंगालची निदान एकतृतीयांश प्रजा नाहीशी झाली, असे वॉरन हेस्टिंग्ज याने १७७२ साली लंडनला कळविले. आणि त्याच पत्रात त्याने हेही नमूद केले, की १७७१ चा निव्वळ वसूल दुष्काळापूर्वीच्या १७६८ सालापेक्षाही अधिक झाला. मेलेल्यांचा सारा मागे राहिलेल्यांकडून भरून घेण्यात आला होता. एका कारकुनी वाक्यात मावलेला हा आकडा वाचताना आजही अंगावर काटा येतो.

एवढे करूनही कंपनी बुडू लागली. लष्करी खर्च, नोकरांची लूट आणि भागीदारांची हाव यांनी तिजोरी पोखरली होती. त्यातच १७७२ च्या जूनमध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या. कंपनीच्या लंडन येथील वखारींत सुमारे १ कोटी ७० लाख रत्तल चहा पडून होता. हा चहा हिंदुस्थानातील नव्हे. आसामचे मळे तेव्हा जन्मास यावयाचे होते. तो चीनच्या कँटन बंदरातून येई. कंपनीने सरकारकडे कर्ज मागितले. ते १४ लाख पौंडांचे मिळाले. आणि साठलेला चहा खपावा म्हणून १७७३ च्या मे महिन्यात चहाचा कायदा झाला. इंग्लंडातील जकात माफ. कंपनीने आपल्या आडत्यांमार्फत चहा परभारे अमेरिकेत विकावा. मात्र तेथे उतरताना रत्तलामागे तीन पेन्सांची जकात द्यावी. या योजनेने कंपनीचा चहा हॉलंडहून चोरून येणाऱ्या चहापेक्षाही स्वस्त पडणार होता. डाउड्सवेल नावाच्या सभासदाने पार्लमेंटात बजावले, की ही जकात काढली नाही तर अमेरिकन हा चहा घेणार नाहीत. लॉर्ड नॉर्थने ऐकले नाही. स्वस्त चहाचा मोह पडला, की लोक जकात गिळतील असा त्याचा अंदाज होता.

अमेरिकनांनी नेमका तोच डाव ओळखला. जकात एकदा दिली, की हक्क मान्य झाला. शिवाय आडत्ये ठराविक, त्यांत गव्हर्नर हचिन्सनचे दोन मुलगे. बाकीच्या व्यापाऱ्यांनी काय करावे? आणि या सर्वांमागे बंगालची छाया होती. डिकिन्सनने १७७३ च्या नोव्हेंबरात ‘रस्टिकस’ या टोपणनावाने एक पत्र लिहिले आणि आशियातील या कंपनीच्या वर्तनाची, तेथील लुटीची व दुष्काळात मेलेल्या लक्षावधी माणसांची आठवण आपल्या देशबांधवांस करून दिली. ज्यांनी तेथे हे केले, ते येथे आल्यावर निराळे वागतील असे मानण्यास काय आधार, असा त्याच्या लेखणीचा रोख होता. बंगालच्या शेतकऱ्याचे मरण सातासमुद्रापलीकडे साक्षीस उभे राहिले होते. ज्या शेतकऱ्याने बॉस्टनचे नाव कधी ऐकले नव्हते, त्याच्या हालअपेष्टा या राज्यक्रांतीच्या पदरी आहेत.

२८ नोव्हेंबर रोजी चहाचे पहिले जहाज बॉस्टनला लागले; मागून आणखी दोन आली. वीस दिवसांत जकात भरली नाही, तर माल जप्त होऊन सरकारी ताब्यात उतरावयाचा, असा नियम होता. ती मुदत १७ डिसेंबरच्या पहाटे संपत होती. १६ तारखेस गावची सभा ओल्ड साउथ या प्रार्थनामंदिरात भरली. गावात एवढी मोठी दुसरी वास्तू नव्हती. सुमारे ५,००० माणूस आत-बाहेर उभे होते. जहाजाच्या मालकाच्या मुलास गव्हर्नराकडे पाठविले होते, की जकात न भरता जहाज परत नेण्याचा परवाना द्यावा. तो संध्याकाळी नकार घेऊन परतला. त्यानंतर मोहॉक इंडियनांचे सोंग घेतलेल्या आणि तोंडास काजळी फासलेल्या लोकांच्या टोळ्या ग्रिफिनच्या धक्क्याकडे निघाल्या. तीन तासांत ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात लोटण्यात आला. कंपनीने पुढे आपले नुकसान ९,६५९ पौंड लावले. दुसऱ्या कोणत्याही वस्तूस हात लागला नाही. ज्याने चहा आपल्या खिशात भरला, त्यास तेथेच पकडून फजीत करण्यात आले. आठ वर्षांपूर्वी वाडा लुटणारा जमाव आणि ही मंडळी यांच्यात केवढे अंतर पडले होते, ते येथे दिसते. मधल्या काळात रागास शिस्त लागली होती. फिलाडेल्फिया व न्यूयॉर्क येथून चहाची जहाजे माल न उतरविताच परत गेली. चार्ल्स्टन येथे चहा उतरला, पण तळघरात पडून राहिला.

लंडनचे उत्तर आले, ते शिक्षेचे. १ जून १७७४ पासून बॉस्टनचे बंदर बंद. मॅसॅच्युसेट्सची सनद बदलून गावसभा गव्हर्नराच्या परवानगीवाचून भरू नयेत असा हुकूम. सैन्य लोकांच्या वास्तूंत ठेवण्याची सोय. एडमंड बर्क याने त्याच वर्षी १९ एप्रिलला पार्लमेंटात दीर्घ भाषण करून चहाची जकात काढण्याची विनवणी केली. कोणी ऐकली नाही. हाच बर्क पुढे वॉरन हेस्टिंग्जविरुद्ध खटला चालवावयास उभा राहिला, हे आपण लक्षात ठेवावे. शिक्षा एका गावास झाली. पण दक्षिण कॅरोलायनाने तांदूळ धाडला, इतरांनी धान्य व गुरे धाडली. ५ सप्टेंबरला फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस भरली. १७७५ च्या १९ एप्रिलला, म्हणजे बर्कच्या भाषणास बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, लेक्सिंग्टन येथे पहिली गोळी सुटली. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींच्या यादीत संमतीवाचून कर बसविल्याची तक्रार आहे. परंतु तिच्या शेजारी सभा मोडल्याच्या, न्यायाधीश पगाराने बांधल्याच्या आणि सैन्य लादल्याच्या तक्रारी अधिक आहेत. तीन पेन्सांच्या पोटात हे सर्व होते. १७७८ साली पार्लमेंटाने चहाची जकात काढली आणि वसाहतींवर उत्पन्नासाठी यापुढे कर बसविणार नाही असा कायदाही केला. वसाहतवाल्यांनी तेरा वर्षे जे मागितले, ते आता मिळत होते. पण ते घेणारा कोणी उरला नव्हता.

त्या युद्धाच्या काळात इंग्रजांस मराठ्यांशीही लढावे लागत होते. १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे त्यांच्या फौजेस मान खाली घालून करार करावा लागला. १७८१ च्या ऑक्टोबरात यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनपुढे शस्त्रे ठेवली. आणि १७८२ च्या मे महिन्यात ग्वाल्हेरजवळ साल्बाई येथे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने मराठ्यांशी तह झाला. पराभूत कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९३ साली त्याने बंगालला कायमधारा बसविला. अमेरिकेत जो कर मागता मागता हात भाजले, त्याच्या कितीतरी पट कर येथे कोणाच्याही सभेस न विचारता कायमचा ठरविला गेला.

मग बंगालात राज्यक्रांती का झाली नाही, असा प्रश्न सहज मनात येतो. बंगालचा शेतकरी अमेरिकनापेक्षा सोशीक वा भित्रा होता, हे उत्तर आम्हांस मान्य नाही. संन्यासी व फकीर यांच्या टोळ्यांनी कंपनीच्या वखारींवर व कचेऱ्यांवर वर्षानुवर्षे छापे घातले. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठा’ची पार्श्वभूमी तीच. १७८३ साली रंगपूरचे शेतकरी इजारदाराच्या जुलमाविरुद्ध हत्यार घेऊन उठले आणि फौजेने त्यांस चिरडले. असंतोष होता; अमेरिकेपेक्षा शतपट खरा होता. नव्हती ती असंतोषास बसावयाची जागा. गावाच्या वरती सभा नाही, वर्तमानपत्र नाही, पगार अडवून धरण्याची सोय नाही. अमेरिकनांच्या मागे दीडशे वर्षांच्या बैठका होत्या. म्हणून थोडा अन्याय होताच त्यांस बोलता आले, आणि बोलून भागेना तेव्हा एकजुटीने वागता आले. ज्या प्रजेस हे काही नव्हते, ती उपाशी मेली किंवा एकाकी लढून मेली.

अर्थात त्या राज्यक्रांतीची आरती ओवाळणे हा आमचा हेतू नाही. त्या वेळी वसाहतींच्या सुमारे २५ लाख लोकवस्तीत ५ लाख माणसे गुलाम होती. संमतीवाचून पैसा घेणे हा जुलूम म्हणणारे लोक संमतीवाचून माणसाचे सारे आयुष्य घेत होते. या विसंगतीवर इंग्लंडात डॉ. सॅम्युएल जॉन्सन याने १७७५ सालीच बोट ठेवले होते. आणि स्वतःचे राज्य झाल्यावरही कराचा प्रश्न मिटला नाही. १७८६ साली मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी जड करांविरुद्ध डॅनियल शेज याच्या पुढारीपणाखाली उठले. १७९४ साली व्हिस्कीवरील करावरून पश्चिमेकडे बंड झाले आणि ते मोडण्यास खुद्द वॉशिंग्टनला सुमारे १३,००० माणसांनिशी निघावे लागले. आपल्या माणसांनी आपल्या सभेत ठरविलेला करही गरिबावर विषम पडला तर राग उत्पन्न करतो. संमती ही एकदा घेऊन पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे, हा धडा त्यांस पुनःपुन्हा घ्यावा लागला.

आमच्याकडे तो दिवस येण्यास १९३० साल उजाडले. ६ एप्रिल रोजी महात्माजींनी दांडी येथे मूठभर मीठ उचलले, आणि मे महिन्यात गोव्याच्या सीमेलगत शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही जमले. मिठाचा करही माणशी पाहता लहानच होता. परंतु तोवर आमच्याकडे सभा होत्या, वर्तमानपत्रे होती, ठराव करून तो पाळण्याची सवय होती. म्हणून त्या लहान करातून मोठा प्रश्न विचारता आला. दीडशे वर्षांपूर्वी बंगालच्या शेतकऱ्याजवळ जे नव्हते, ते आमच्या वडीलधाऱ्यांनी एकेका सभेने, एकेका अंकाने जमविले होते.

म्हणून लेखाच्या आरंभी सांगितलेल्या सभामंडपातील त्या लांबलेल्या, कंटाळवाण्या बैठकीकडे आम्ही आदराने पाहतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी असे दिसते, की चार कर्ते गृहस्थ आपसांत आकडा ठरवितात आणि बाकीचे वाद नको म्हणून देऊन टाकतात. काम लवकर होते, हे खरे. परंतु विचारण्याची आणि हिशेब मागण्याची सवय ज्या पिढीने घरच्या पट्टीच्या बाबतीत सोडली, तिला ती राज्याच्या बाबतीत ऐन वेळी कोठून सापडणार? पट्टी जड असो की हलकी, ती ठरताना आपण तेथे जाऊन बसावे आणि पुढच्या वर्षी वही उघडावयास लावावी. यॉर्कटाउनपर्यंत गेलेली वाट अशाच गावबैठकीच्या बाकावरून निघाली होती.